हौसाच्या मेट्रनबाई

"जरा मोठ्यानं बोला, साहेब. मला ऐकू कमी येतं."

असं म्हणून मेट्रनबाई उजवा कान पुढं करायच्या आणि त्यामागं हाताचा तळवा धरायच्या. वास्तविक त्यांना उत्तम ऐकू येत होतं. बायकांच्या बराकीत पार टोकाला कुणी मुसमुसलं, तरी फाटकाशी बसून त्या सांगायच्या की कोण रडतंय. पण माणूस लाजिरवाणं काही बोलायला लागला की त्याचा आवाज आपोआप खाली जातो, हे तुम्हीही पाहिलं असेल. मेट्रनबाई नेमक्या त्याच वेळी बहिऱ्या व्हायच्या. मग त्या माणसाला तेच वाक्य चारचौघांत मोठ्यानं म्हणावं लागे. निम्मी माणसं दुसऱ्यांदा म्हणतच नसत.

मी तेव्हा नगरात तुरुंगाच्या दप्तरात कारकून होतो, आणि बाई तिथल्या बायकांच्या बराकीवरच्या पहारेकरीण. एकदा स्टोअरकीपर त्यांना हळूच म्हणाला, "बाई, ते... बायकांचं महिन्याचं कापड... या खेपेला मंजूर नाही."

"काय मंजूर न्हाई? मोठ्यानं सांगा."

"कापड."

"कशाचं कापड? साहेबांच्या खिडकीच्या पडद्याचं?"

दप्तरात सहा शिपाई उभे होते. स्टोअरकीपरचे कान लाल झाले. दुसऱ्या दिवशी कापड आलं.

बाई शेवगावकडच्या. नवरा पोलिसात शिपाई होता, तो लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. पांढरं पातळ, खाकी झंपर, पायात पुरुषी चपला, आणि चालणं असं की वाटेतल्या माणसानं बाजूला व्हावं. तुरुंगामागं त्यांना एका खोलीचं क्वार्टर होतं. सगळ्यांवर ओरडायच्या. कैदी बायकांवर तर फारच. पण ज्या बाईवर त्या सकाळी ओरडल्या असतील, तिच्या केसांत संध्याकाळी त्याच तेल घालताना दिसायच्या.

हे सगळं सांगतो आहे ते हौसासाठी. हौसाशिवाय मेट्रनबाई सांगता येत नाहीत.

हौसा पाथर्डीकडच्या एका वाडीतली. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिला आवाज ऐकू यायला लागले. सासू आपल्या भाकरीत काहीतरी कालवते, असं तिच्या मनानं घेतलं. देवऋषी झाले, अंगारे झाले, मारही झाला. डॉक्टर तेवढा झाला नाही. एका दुपारी तिनं सासूच्या डोक्यात वरवंटा घातला. सासू जागच्या जागी गेली. हौसा तिथंच बसून राहिली, आणि माणसं गोळा झाल्यावर म्हणाली, "आत्याबाईंना पानी द्या की कुनीतरी."

कोर्टानं डॉक्टरांची साक्ष घेतली आणि निकाल दिला. मारलं हिनंच, पण आपण काय करतो आहोत हे कळायच्या स्थितीत ती नव्हती, म्हणून ती निर्दोष. निर्दोष, पण सरकारचा पुढचा हुकूम येईपर्यंत तिला सुरक्षित जागी ठेवावं.

सुरक्षित जागा म्हणजे आमचा तुरुंग. त्याच दिवशी शेळ्या चोरल्याबद्दल एकीला सहा महिन्यांची शिक्षा झाली होती. ती सहा महिन्यांनी सुटून गेली. तिनं गुन्हा केला होता ना! हौसानं केला नव्हता, त्यामुळे तिची शिक्षा कधी संपते हे कुणालाच सांगता येत नव्हतं. मी हे आज रागानं लिहितो आहे. तेव्हा मी त्या कागदावर फक्त आवक क्रमांक घातला होता.

मनोरुग्णालयात जागा मिळायला वर्ष गेलं. मिळाली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी तिला वर्षभरात माणसांत आणलं. गोळ्या घेतल्या की हौसा तुमच्या-आमच्यासारखी असायची. कमी बोलायची एवढंच. मग रुग्णालयानं लिहिलं, 'सुधारणा झाली आहे, गोळ्या चालू ठेवून नातेवाइकांच्या ताब्यात देण्यास हरकत नाही.' नातेवाईक आले नाहीत. रुग्णालयाला खाट रिकामी हवी होती. म्हणून त्यांनी तिला परत आमच्याकडे पाठवलं. बरी झालेली, निर्दोष सुटलेली बाई पोलिसांच्या गाडीतून तुरुंगाच्या फाटकाशी उतरली, आणि मेट्रनबाईंनी माझ्यासमोर तिच्या गाठोड्याची झडती घेतली. झडती घेताना त्यांचे हात थांबले.

"भाऊसाहेब, हिला कोन्त्या गुन्ह्यात आत घेऊ?"

"गुन्हा नाही बाई. नुसतं ठेवायचंय."

"किती दिवस?"

मी काहीतरी पुटपुटलो.

"मोठ्यानं बोला."

"माहीत नाही," मी मोठ्यानं म्हणालो.

त्यानंतर मी पत्रं लिहीत राहिलो. नवऱ्याला पत्र गेलं, उत्तर नाही. वर सरकारला पत्र गेलं, 'प्रकरण विचाराधीन आहे' असं उत्तर आलं. रुग्णालयाला पत्र गेलं, 'जागा रिकामी होताच कळवू.' बाई आठवड्यातून दोनदा येऊन विचारायच्या आणि मी त्यांना तीच तीन उत्तरं वेगवेगळ्या क्रमानं सांगायचो.

आणि मग गोळ्या संपल्या. मागणीपत्र वर गेलं होतं. कुणाच्या तरी सहीवाचून ते अडलं. पंधरा दिवस गेले. हौसा आधी झोपेनाशी झाली, मग जेवेनाशी. तिच्या भाकरीत पुन्हा कुणीतरी काहीतरी कालवायला लागलं. एके सकाळी तिनं दुसऱ्या बाईच्या अंगावर पाण्याची बादली फेकली. तुरुंगाच्या मुख्य साहेबांनी तिला एकट्या कोठडीत टाकायचा हुकूम दिला.

मेट्रनबाईंनी काय केलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. भर दुपारी कोठडीच्या गजांबाहेर त्या मांडी घालून बसल्या होत्या. हातात भाकरी. एक घास स्वतः खायच्या, तोंड उघडून हौसाला दाखवायच्या, आणि मग दुसरा घास गजातून आत धरायच्या. आत हौसा त्यांना घाणेरड्या शिव्या देत होती. बाई म्हणत होत्या, "दे, लई दे. पन खा." अर्धी भाकरी जायला दोन तास लागले. मग हात धुऊन त्या तशाच ड्रेसवर गावातल्या एका डॉक्टरांकडे गेल्या आणि त्यांच्या दवाखान्यातून गोळ्या घेऊन आल्या. बाहेरचं औषध आत आणलं म्हणून साहेबांनी त्यांची झाडाझडती घेतली. गोळ्या पंधरा दिवस का नव्हत्या, हे मात्र कुणी कुणाला विचारलं नाही.

हौसा महिन्याभरानं पुन्हा शांत झाली. पहिल्यांदा बोलली ती मेट्रनबाईंशीच. "आक्का, मी तुमाला शिव्या दिल्या का?"

"मला ऐकू कमी येतं," बाई म्हणाल्या.

पुढच्या रविवारी बाई मला म्हणाल्या, "भाऊसाहेब, उद्या रजा टाका. पाथर्डीला जायचंय. तिच्या नवऱ्याला मी कानाला धरून आनते."

तो बहात्तरच्या दुष्काळाचा उन्हाळा. एस.टी.च्या खिडकीतून नुसता मुरूम दिसत होता. वाडीत माणसं नव्हती. सगळी दुष्काळी कामावर. रस्त्याच्या कडेनं खडी फोडणाऱ्यांची रांग लागली होती. त्या रांगेत नवरा सापडला. काटकुळा, डोक्याला फडकं, भुवयांपर्यंत पांढरी धूळ. शेजारी त्याच्या दोन पोरी बसून लहान दगड वेचत होत्या.

बाईंनी तिथंच तोंड सोडलं. बायको जिवंत असताना तिला तुरुंगात कुजत ठेवतोस, लाज न्हाई वाटत, आम्ही पत्रं पाठवतो ती काय चुलीत घालतोस. रांगेतले हातोडे थांबले. तो ऐकून घेत होता. बाई दमल्यावर तो उठला आणि अगदी हळू म्हणाला,

"बाई, आमचं घर एका खनाचं हाय. आई जिथं पडली, तिथंच या दोघी निजत्यात. धाकटीला काय बी ठावं न्हाई. थोरलीनं बघितलंय. तुमी सांगा, त्या घरात हिला कुठं निजवू?"

या वेळी बाईंनी कान पुढं केला नाही.

थोरली पोर दगड वेचायची थांबली होती. बाईंनी तिच्याकडं बघितलं, पिशवीतून हौसासाठी घेतलेले शेंगदाण्याचे लाडू काढले, दोघींच्या ओंजळीत घातले आणि वळल्या.

आम्ही परतीची गाडी धरली. नगर जवळ आल्यावर म्हणाल्या, "त्येचं चुकलं न्हाई, भाऊसाहेब. म्हनून तर जास्त राग येतोय. चुकलेल्याला शिव्या देता येत्यात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कायद्याचं पुस्तक काढायला लावलं. अशा माणसाला कुणाच्या ताब्यात देता येतं, ते वाचा म्हणाल्या. पुस्तक इंग्रजीत. मी वाचून मराठीत सांगितलं: हमी घेऊन, नातेवाइकाच्या किंवा...

"किंवा काय?"

"फ्रेंड असं लिहिलंय. म्हणजे स्नेही. मित्र."

"कोन बी?"

"तसंच दिसतंय."

बाई उभ्या राहिल्या. "मग लिहा अर्ज. तिची फरेंड मी हाय."

मी हसलो. खरंच हसलो, त्याची मला आज शरम वाटते. बाई हसल्या नाहीत. मी अर्ज लिहिला.

साहेब मात्र मनापासून हसले. "बाई, तुम्ही सरकारी नोकर. पहारेकरी कैद्याचा मित्र कसा होईल?"

"ती कैदी न्हाई, साहेब. तुमचाच कागद बघा."

"तांत्रिकदृष्ट्या नसेल..." साहेबांचा आवाज खाली गेला.

"मोठ्यानं बोला. मला ऐकू कमी येतं."

"कैदी नाही ती!" साहेब ओरडले. बाहेरच्या शिपायांनी ऐकलं. साहेब भयंकर संतापले. बाईंना लेखी समज द्यायची ठरली: कैद्यांशी अनावश्यक जवळीक, कर्तव्याचा विसर. तो मसुदा कुणी केला असेल? मीच केला. सुवाच्य अक्षरात, दोन प्रतींत. बाईंनी सही करून एक प्रत घेतली आणि म्हणाल्या, "अक्षर चांगलं हाय तुमचं." त्यांनी मला दिलेली एवढी एकच शिवी मला आजही लागते.

महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला. नोकरी गेली तसं क्वार्टरही गेलं. अर्ज वर गेला आणि चक्क हलला. वरच्या कचेरीतल्या कुणीतरी सज्जनानं तो वाचला असावा. उत्तर आलं: सदर बाईंच्या ताब्यात देण्यास हरकत नाही, मात्र त्यांच्याकडे कायमची राहती जागा असावी, आणि जागेच्या मालकाची संमती असावी.

झालं. जो दरवाजा सरकारनं उघडला, तो आता घरमालकांच्या हातात होता.

बाई धर्मशाळेत राहून दोन महिने खोली शोधत होत्या. गावातल्या गल्ल्या झाल्या. गावाबाहेर सावेडीकडे तेव्हा शेतांत तुरळक बंगले उठत होते. तिथं एका निवृत्त मास्तरांची मागची खोली रिकामी होती. बाईंनी मला बरोबर नेलं, माझ्या तोंडावर तरी विश्वास बसेल म्हणून. मास्तर भले गृहस्थ. चहा दिला. खोली दाखवली. मग बाईंनी नेहमीप्रमाणे सगळं खरं सांगितलं.

"म्हणजे खुनी बाई?" मास्तरांनी विचारलं.

"न्हाई. निर्दोष सुटलीये."

"मग तुरुंगात का आहे?"

"त्येच मी दोन वर्षं इचारतीये, गुरुजी."

मास्तर हळूच म्हणाले, "तसं माझं काही नाही हो, पण आजूबाजूला चांगल्या घरची वस्ती..." बाईंनी कानामागं हात धरला. मास्तरांनी वाक्य पुन्हा म्हटलं नाही. खोलीही दिली नाही.

परत येताना बाई एकदम थांबल्या. "भाऊसाहेब, तुमच्या परसात एक खोली हाय ना?"

होती. सरपण आणि मोडका पाळणा ठेवलेली खोली होती. दोन दिवसांत रिकामी झाली असती.

मी खाली बघत म्हणालो, "घरी विचारून सांगतो."

बाईंनी मला ते पुन्हा म्हणायला लावलं नाही. "बरं," म्हणाल्या, आणि पुढं चालू लागल्या.

मी घरी विचारलं नाही. तुम्हाला वाटेल, बायको नाही म्हणाली असेल. तिला हे कधी कळलंच नाही. मीच घाबरलो. ज्या हौसाचा हजेरीपट मी रोज लिहीत होतो, जिनं तुरुंगात शिवलेली गोधडी माझ्या घरात पांघरली जात होती, तिला माझ्या भिंतीच्या पलीकडं झोपू द्यायला घाबरलो. तुरुंगाला, सरकारला, मास्तरांना मी खूप शिव्या दिल्या आहेत. त्या यादीत माझं नाव कुठं घालायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

अखेर जागा मिळाली ती शेवगावला. बाजारामागं बाईंची मावसबहीण राहायची. ती आधी एकदा नाही म्हणाली होती. बाई दुसऱ्यांदा गेल्या आणि तिच्या उंबऱ्यावर बसून राहिल्या. "नको म्हनायचं असंल तर मोठ्यानं म्हन, शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाऊ दे." तिसऱ्या दिवशी बहिणीनं पोती ठेवायची खोली रिकामी करून दिली.

हौसा सुटली त्या दिवशी मी फाटकाशी होतो. तिच्या अंगावर बाईंचं जुनं पातळ होतं. उंबरा ओलांडल्यावर ती उभी राहिली, पुढं जाईना. तीन वर्षांत तिला कुणी न सांगता चालायची सवय राहिली नव्हती. बाई खेकसल्या, "आता काय पालखी आनू का?" आणि हौसा हसली. तिचे दात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

नंतर बाई असताना मी एकदाच शेवगावला गेलो. दोघी बाजारात धान्य पाखडायच्या. आडतीच्या आवारात दहा-बारा बायकांची रांग बसायची, त्यात या दोघी शेजारी-शेजारी. सुरुवातीला बाकीच्या बायका हौसापासून दोन हात लांब बसत, बाई सांगत होत्या. "मी म्हनलं, भेता कशाला? हिला काय होतं, का होतं, समदं सांगते, ऐका." आणि त्यांनी सगळ्यांना सगळं सांगितलं होतं. गोळ्या कोणत्या, किती वेळा, झोप उडाली तर काय समजायचं, भाकरी पुढं सारली तर काय करायचं. जे आमच्या तुरुंगात एकाही शिपायाला कुणी शिकवलं नव्हतं, ते धान्य पाखडणाऱ्या बायकांना पाठ होतं.

हे सव्वा वर्ष चाललं. मग एका उन्हाळ्यात माझ्या टेबलावर कागद आला: 'हमीदार मयत झाल्याने सदर स्त्रीस पुन्हा ताब्यात घेण्यात यावे. ओळख पटविण्यासाठी तुरुंगातील माहीतगार इसम पाठवावा.'

मेट्रनबाई गेल्याचं मला असं कळलं. आवक क्रमांक घालताना.

माहीतगार इसम मीच होतो. शेवगावला उतरलो, ठाण्यातून एक हवालदार बरोबर घेतला. आधी बहिणीकडं गेलो. कावीळ झाली, म्हणाली. आठ दिवसांत आटोपलं, राख इथल्याच नदीत सोडली. शेवटपर्यंत सगळ्यांवर ओरडत होती.

"आणि हौसा?" हवालदारानं विचारलं.

"गेली कुठंतरी," बहीण म्हणाली आणि आत निघून गेली.

आम्ही आडतीच्या आवारात गेलो. टळटळीत दुपार होती. बायकांची रांग बसली होती. सुपं वर-खाली होत होती, भुसा उडत होता. हवालदारानं आवाज दिला, "हौसा कोन हाय गं तुमच्यात?"

एकही सूप थांबलं नाही.

"कोन हौसा?" एक म्हातारी म्हणाली. "हितं न्हाई कोन त्या नावाची."

"आमी न्हाई ऐकलं बया," दुसरी म्हणाली.

हवालदार माझ्याकडं वळला. "साहेब, तुमी बघा."

मी रांगेच्या एका टोकापासून चालत गेलो. पाचवी हौसा होती. पदर पुढं ओढलेला, पण तिनं मान वर केली आणि माझ्याकडं सरळ पाहिलं. गाल भरले होते. डोळे स्वच्छ होते. तिच्या दोन्ही बाजूंच्या बायका तिला इतक्या चिकटून बसल्या होत्या की तिघींचे खांदे एक झाले होते. मी शेवटच्या बाईपर्यंत गेलो आणि परत आलो.

"नाही," मी म्हणालो. "यांच्यात ती नाही."

"नीट बघितलं?"

"रोज बघत होतो मी तिला. यांच्यात नाही."

हवालदारानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग त्या रांगेकडं. टोपी काढून घाम पुसला. "न्हाई तर न्हाई. ऊन लई हाय," म्हणाला आणि पाणी प्यायला सावलीत गेला.

मी म्हातारीजवळ वाकलो. "गोळ्या?" एवढंच विचारलं.

तिनं सुपातली नजर काढली नाही. "ज्येला लागत्यात त्येला मिळत्यात," ती म्हणाली. "दोन टायमाला."

'सदर स्त्री मिळून आली नाही,' असा अहवाल मी ठाण्यातच बसून लिहिला. नोकरीत मी लिहिलेला तेवढा एकच कागद मला पाठ आहे.

नगरच्या गाडीला दोन तास अवकाश होता. मी चालत नदीकडं गेलो. झालेलं सगळं कुणाला तरी सांगावं, असं अनावर वाटत होतं, आणि ज्यांना सांगायचं त्यांची राख सव्वा महिन्यापूर्वी याच नदीत सोडली होती. पात्रात वाळूच जास्त होती. मधून हातभर रुंदीचं पाणी चाललं होतं, आणि त्यात एक अनोळखी बाई उकिडवी बसून घागर भरत होती. ऐकायला तेवढी एकटीच होती.